दिवा विझला म्हणून हसलात?

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे. मित्रांनो, लोअर टिकल गावातली माणसं तुम्हाला काहीही सांगोत, आधी एवढं ऐकून घ्या की मी आपणहून बिघडलो नाही.

मुठीएवढं पितळी अंग, पोटात स्प्रिंग आणि तिच्या टोकाला झाकण, एवढाच मी. घडवून, तपासून मला जहाजात घातलं आणि इथे कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर आणलं. गावाला बाहेरून वीज येत नाही. इथल्या वीजघरातलं डिझेलचं इंजिन चाललं तर दिवे, नाहीतर अंधार. त्या इंजिनाच्या तेलाच्या फिल्टरशेजारी मला बसवलं.

माझं काम असं. तेल फिल्टरमधून गाळून इंजिनात जातं. फिल्टर तुंबला तर तेलाची वाट बंद होते, आणि तेलावाचून इंजिन बघता बघता जळून जाईल. तेव्हा मी उघडतो आणि तेल न गाळताच पुढे सोडतो. घाण असतं, पण कोरड्यापेक्षा बरं. ही घटकाभराची सोय आहे. माणसाने उठून फिल्टर बदलावा म्हणून.

पूर्वी बदलायचेही. आयझॅक नावाचा म्हातारा चालक जुना फिल्टर काढला की तो कापायचा, त्याच्या घड्या थाळीत पसरायचा आणि धातूचा कण चमकतो का ते बोटाने चाचपून बघायचा. मला रॉकेलने धुवायचा, अंगठ्याने स्प्रिंग दाबायचा आणि म्हणायचा, "शाबास रे गड्या!" फार बरं वाटायचं.

मग आयझॅक थकला आणि हेडली आला. माणूस हसरा, पण अंगात आळस मुरलेला. वीजघरासमोरच्या पिवळ्या घरात त्याची आई ड्रुसिला राहते. तिची फुप्फुसं दुबळी आहेत. प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकात असते आणि त्या यंत्राची पिन भिंतीत. म्हणजे तिचा श्वास आमच्या इंजिनावर चालतो. हे हेडलीला माहीत नव्हतं असं नाही!

वीजघरात इंजिनं दोन, पण त्या उन्हाळ्यात दुसरं दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं होतं. सगळा भार आमच्यावर. आणि फिल्टर तुंबल्याचा लाल दिवा लागला.

"हेडली, दिवा लागलाय," त्याचा जोडीदार क्लॅर म्हणाला.

"लागू दे की. फिल्टर काय पळून जातात? कॅपलिन आले आणि आपण इथे बसलो, तर वर्षभर हात चोळत बसशील."

कॅपलिन म्हणजे वीतभर चंदेरी मासे. उन्हाळ्यात ते लाटांबरोबर थेट काठावरच्या गोट्यांवर येऊन पडतात. मग अख्खं गाव बादल्या आणि जाळी घेऊन किनाऱ्यावर धावतं. धावा की! मी कुठे नको म्हणतो? पण फिल्टरचे डबे दोन आहेत. एकातला बदलायचा, मूठ फिरवून तेल तिकडे वळवायचं, मग दुसरा बदलायचा. इंजिन थांबवावंसुद्धा लागत नाही. नवे फिल्टर कपाटात होते. हेडलीने दोन्ही डबे तुंबवून ठेवले होते.

शेवटी मी उघडलो. तेलातली कच माझ्या झाकणाखाली अडकली आणि मला मिटता येईना. तेलाला मोकळी वाट मिळाली, ते फिल्टरकडे फिरकेना. फिल्टरवरचा दाब उतरला, आणि लाल दिवा विझला.

"बघ!" हेडली ओरडला. "आपलं आपण साफ झालं की रे!"

"नशीबवान आहेस लेका," क्लॅर म्हणाला. "माझ्या घरची भांडी कधी अशी साफ झाली नाहीत."

दोघं खदाखदा हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, काय डोंबलाचं साफ! मी आ वासून बसलो होतो, घाण माझ्याच तोंडातून इंजिनाच्या बेअरिंगांत चालली होती, आणि हे हसत होते!

आठवडाभर कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका दुपारी बाहेरून हाक आली, "कॅपलिन आले!" एकाने मागे थांबायचा नियम आहे. दोघंही पळाले.

थोड्याच वेळात बेअरिंग तापलं, किंचाळलं आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. मी तिथेच होतो, काही करू शकलो नाही. गावात वीज गेली, पण किनाऱ्यावर कुणाला पत्ता नाही. मासे धरायला वीज कुठे लागते? दुकानदारीण तेवढी वीज गेल्याची बोंब मारत किनाऱ्यावर धावली. हेडलीने बादली टाकली आणि तो थेट घरी पळाला. आई जमिनीवर पडली होती, ओठ निळे पडलेले. एक हात राखीव सिलिंडरवर होता, पण त्याची चावी तिच्याने फिरली नव्हती. ती त्याने फिरवली. ड्रुसिला वाचली. हे सगळं मला नंतर क्लॅरच्या तोंडून कळलं.

चौकशीला विमानाने एक साहेब आले. मला काढून टेबलावर ठेवलं. हेडली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा व्हॉल्व्ह अडकला साहेब. जुना झालाय." खापर माझ्या माथी! आयुष्यभर इंजिन जगवलं त्याचं हे फळ.

दारात ड्रुसिला उभी होती. नाकात नळी, हातात छोट्या सिलिंडरची गाडी.

"व्हॉल्व्ह अडकला म्हणे! आणि तू कुठे होतास रे?"

"आई, कॅपलिन आले होते... तुला आवडतात म्हणून..."

"आवडतात ना. पण खायला मी जिवंत असावं लागतं, हेडली."

हेडली रडला. साहेबांनी कपाट उघडलं. नवे फिल्टर वेष्टनासकट तिथेच होते.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. यंत्राची तक्रार बंद झाली की हसू नका, उठा आणि का बंद झाली ते बघा. मला हेडलीचे अश्रू नकोत. तुमची शाबासकीही नको. फिल्टर बदला.