कोरडं खरवडलंत का?

“‘सगळं काढलं, आता निर्धास्त राहा’ म्हणालात, ते खोटं होतं!”

रंगाऱ्याचा आवाज असा चढला, की बाकावरचे पेशंट माना वर करून बघू लागले. मोठे डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारातच थबकले. स्ट्रेचरवर रंगाऱ्याचा धाकटा भाऊ होता. आजार तोच, प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टरही तेच. गेल्या वर्षी त्यांनी रंगाऱ्याची गाठ काढली होती. आता तो आजार रंगाऱ्याच्या मणक्यात निघाला होता.

“दादा, गप बस की. आत सुरी त्यांच्याच हातात आहे,” धाकटा कुजबुजला.

“म्हणूनच आत्ता बोलतोय.”

मणक्याचा फोटो पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. भिंतीवरची बुरशी तो नेहमी ओली करून मगच खरवडायचा. कोरडी खरवडली तर भुकटी उडते आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसते. हे ऐकून बायकोनं कपाळावर हात मारला होता. “अहो, तुमचं अंग म्हणजे काय लोकांची भिंत आहे?” पण कुठंतरी पाणी मुरतंय, हा संशय काही जाईना. कुणालाही विचारलं की बोट मोठ्या साहेबांकडे, आणि मोठे साहेब नुसते हसून खांदा थोपटणार.

आज त्यानं थोपटायला खांदाच दिला नाही.

“गाठ हाताळताना त्यातल्या पेशी रक्तात सुटतात का?”

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. “सुटतात काही, काका. बहुतेक रक्तातच मरतात. तुमच्या मणक्यातल्या तेव्हा गेल्या की आधीच गेल्या होत्या, ते मलाही सांगता येणार नाही.”

“मग हे तेव्हा का नाही बोललात?”

“लोक घाबरून ऑपरेशनच टाळतात. गाठ तशीच ठेवणं त्याहून वाईट.”

धाकटा कोपरावर उठला. “दादा, माहीत असतं तर तू नको म्हणाला असतास?”

रंगारी घुटमळला. भावाच्या चपला त्याच्या हातात होत्या. त्या त्यानं काखेत धरल्या.

“नसतो म्हणालो. पण डोळे उघडे ठेवून आत गेलो असतो.”

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. ते हललं नाही. रंगाऱ्यानं दांडा धरून ठेवला होता.

“आधी ह्याला सांगा, इथं, माझ्यासमोर. अंग त्याचं आहे साहेब. त्याला काय कळू द्यायचं, हे ठरवणारे तुम्ही कोण? बोला.”