दुसरा नमुना

शेजारच्या गाळ्यातलं पत्रा कापायचं मशीन एक वाजता जेवणासाठी थांबलं, तशी उत्तराने सतरा नंबरची बाटली उचलली. दिवसातला हा एक तासच काय तो तिचा. भाडं परवडलं म्हणून संशोधन संस्थेने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली ही वरच्या मजल्यावरची जागा घेतली खरी, पण मशीन धडधडू लागलं की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता भूकंप व्हायचा. म्हणून महत्त्वाचं सगळं बघायचं ते पलीकडच्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. स्वतःचा डबा तीन वाजता, थंडगार.

काचेच्या पट्टीत केसाहून बारीक नळ्या होत्या. तिने रक्ताचा थेंब त्यात सोडला आणि प्राणवायू हळूहळू कमी केला. गोल गुबगुबीत पेशी आधी लांबट झाल्या, मग वाकल्या, मग विळ्यासारख्या टोकदार झाल्या. एक अडकली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळी रांग खोळंबली. शंभरातल्या किती अडकतात ते मोजायचं. आकडा तीसच्या वर गेला की दोन-तीन दिवसांत त्या माणसाला अंगात कळा सुरू होणार, असा संस्थेचे प्रमुख प्रभाकर सर यांचा अंदाज होता, आणि चार वर्षांत तो फारसा चुकला नव्हता.

आजचा आकडा सत्तेचाळीस आला. तिने पुन्हा मोजून पाहिलं. सत्तेचाळीसच.

सतरा नंबर म्हणजे सम्यक. वय सव्वीस, अंगाने काडी, जिभेला मात्र धार. शहाड स्टेशनबाहेर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्मापासूनचा. सकाळी रक्त देऊन जाताना तो टेबलावर पत्रिका ठेवून गेला होता. रविवारी त्याच्या बहिणीचं, दर्शनाचं लग्न. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे मांडवात उभं राहायचं ते यालाच.

"तुम्ही नाही आलात ना मॅडम, तर पुढच्या महिन्यात मी पण नाही येणार," असा दमही त्याने भरला होता.

संस्थेचा नियम असा, की रक्त देणाऱ्याला आकडा सांगायचा नाही. सांगितला तर माणूस जपतो, विश्रांती घेतो, कळा टळतात, आणि मग अंदाज खरा की खोटा ते कळणार कसं? उत्तराने रुजू झाल्यावर यावर कुरकुर केली, तेव्हा सरांनी तिला चहा पाजून शांतपणे समजावलं होतं, की आपण हवामान सांगणारी माणसं, छत्र्या वाटणारी नव्हे. सर वाईट नव्हते. एवढं सुबक वाक्य सापडलं की माणसाला पुढे विचार करावासा वाटत नाही, इतकंच.

आकडा तीसच्या वर गेला, तर दोन दिवसांच्या आत दुसरा नमुना लागे. त्यासाठी उत्तरा फोन करायची आणि दरवेळी तीच थाप मारायची, नमुना गोठला, पुन्हा यावं लागेल. सम्यकला असे अकरा फोन झाले होते. तो एकदाही चिडला नव्हता. मुलगा किती समजूतदार आहे, असं ती सरांना कौतुकाने सांगत असे.

तिने फोन उचलला. आज शुक्रवार. उद्या हळद, परवा लग्न. ऐन घाईत त्याला शहाडहून ठाण्याला बोलवायचं, तेही हातात पुन्हा सुई टोचायला? उत्तरा मनाने चांगली होती, हे इथे सांगायलाच हवं. तिने फोन खाली ठेवला. पण मन खाऊ लागलं, म्हणून मग एक मेसेज पाठवला. 'दर्शनाला शुभेच्छा. धावपळीत पाणी पीत राहा.' त्यावर सम्यकचा अंगठा आला. नियमही मोडला नाही आणि माणुसकीही राहिली, या समाधानात तिने त्या दिवशी डबा दोन वाजताच उघडला.

लग्नाला ती गेली नाही. डोंबिवलीत नणंदेकडे वास्तुशांत होती.

सम्यक मंगळवारी पहाटे कल्याणच्या एका दवाखान्यात वारला. छातीत धरलं होतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या गच्च झाल्या होत्या, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं उत्तराला फोनवर कळलं. तिला ते सांगण्याची गरज नव्हती. तिने ती रांग खोळंबताना पाहिली होती.

प्रभाकर सरांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी नोंदवही उघडली.

"दुसरा नमुना?"

"त्याच्याकडे लग्न होतं, सर."

"मग हा धरता येणार नाही," सर म्हणाले. "चार वर्षांतला सगळ्यात ठळक आकडा, आणि फुकट गेला." त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

सम्यकच्या पुण्यानुमोदनाचा शोकविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरा शहाडला गेली. जाताना तिच्या मनावर आणखी एक ओझं होतं. सम्यकच्याच चाळीतली संचिता, अकरा वर्षांची, तेवीस नंबर. तिला रक्त द्यायला सम्यकनेच आणलं होतं. काल तिचा आकडा अडतीस आला, आणि या वेळी उत्तराने कसलाही विचार न करता तिच्या आईला फोन केला होता, नमुना गोठला म्हणून.

सम्यकची आई, रंभाबाई, पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली, संस्थेच्या पायऱ्या चढून दम लागायचा त्याला, म्हणाल्या. मग त्यांनी समोरच्या खिळ्याकडे बोट केलं. चार वर्षांची कॅलेंडरं तिथे एकावर एक अडकवलेली होती.

"लाल गोल दिसतात ना, ते तुमचे फोन. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं. मला बोलला, आई, मॅडमना सांगता येत नाही, म्हणून गोठला बोलतात. मग तुमचा फोन आला की दुकान बंद. तांब्याने पाणी, गरम पिशवी, कल्याणच्या डॉक्टरला आधीच कळवायचं. तेव्हापासून दरवेळी वाचला तो तुमच्या फोनवर."

उत्तराने हातातला ग्लास खाली ठेवला.

हळदीच्या दिवशी तो मोबाइल हातात घेऊनच फिरत होता, असं रंभाबाई सांगू लागल्या. जेवतानाही ताटाशेजारी मोबाइल. दिवेलागणीपर्यंत फोन आला नाही, तसा आईजवळ येऊन म्हणाला, फोन नाही आई, आज नाचतो. सात वर्षांत नाचला नव्हता. दोन तास नाचला, घामाने भिजला, थंडीत तसाच दारात उभा राहून पाहुण्यांना निरोप देत राहिला. लोकांनी अडवलं, तर आईच त्यांना म्हणाली, नाचू द्या, आज भीती नाही.

"मेसेज आला होता ना माझा," उत्तरा म्हणाली.

"पाणी पी म्हणून? ते तर सगळेच सांगतात त्याला." रंभाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "दीर बोलतात, तूच नाचू दिलंस. मी त्यांना बोलली, मॅडमना कळलं असतं तर त्यांनी फोन केलाच असता. खरं सांगा ताई. त्या दिवशी रक्त चांगलं होतं ना त्याचं?"

नाही, एवढं एकच म्हणायचं होतं. त्या एका शब्दाने ही बाई दिराच्या बोलण्यातून सुटली असती. उत्तराला हे त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. आणि त्याच शब्दाने आपलं काय होईल, तेही.

"चांगलं होतं," ती म्हणाली.

रंभाबाईंनी कॅलेंडरांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी ती खिळ्यावरून काढली आणि गुंडाळी करून कपाटामागे सारली.

"म्हणजे फोनचं काही खरं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आपलंच खूळ. आणि मी ते संचिताच्या आईच्या पण डोक्यात भरवलं. काल तुमचा फोन आला तेव्हापासून पोरीला घरात बसवलीय तिने. उद्या शाळेची सहल, रडून रडून डोळे सुजलेत." त्या दारात गेल्या. "संचे, ये गं इकडे. आईला सांग, मॅडम आल्यात, रक्ताचं काही नाही, जाऊ दे पोरीला."

संचिता धावतच आली. सहलीचा स्वेटर तिने आजच घातला होता. उंबऱ्यावर थांबून तिने आधी रंभाबाईंकडे आणि मग उत्तराकडे पाहिलं.

"मॅडम, खरंच जाऊ?"

उत्तराने तिला जवळ घेतलं, तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"पाणी पीत राहा हं," ती म्हणाली.