सोल्विताची जागा

माझी सून सोल्विता परदेशी नवरा बघतेय हे मला शेजारच्या वेल्टाने सांगितलं. आम्ही दोघी राहतो एकाच घरात, आणि बातमी येते कुंपणापलीकडून.

"तोंड काय पाडतेस, आउस्मा," वेल्टा म्हणाली. "आपल्या गावात तिच्या वयाचे पुरुष उरलेत दोन. एक पितो, दुसरा त्याला सोबत करतो. बाकीचे आयर्लंडला जाऊन कोंबड्या सोलतायत." वेल्टाच्या जिभेला हाड नाही, पण यात ती खोटं काय बोलली?

माझा मुलगा गुंतार्स, सोल्विताचा नवरा, गेला तो तळ्यावरचा बर्फ फुटून. मार्चमध्ये बर्फावर मासे धरायला जाऊ नकोस म्हणून मी घसा कोरडा केला होता. पण आमच्याकडचे पुरुष, बर्फाला भोक पाडून दिवसभर त्यात बघत बसले नाहीत तर त्यांचा हिवाळा सरत नाही. सोल्विता तेव्हा ऐन तिशीत होती. मूलबाळ नाही. सगळ्यांना वाटलं, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. डेअरीत नोकरी धरली, माझे गुडघे चोळले, माझी बडबड ऐकली. आता ती लग्न करून निघून गेली की या घरात मी आणि मांजर. त्या मांजरालाही मी फारशी आवडत नाही.

संध्याकाळी मी सरळच विचारलं, "कोण आहे तो?"

तिने फोन पुढे केला. प्रेबेन नावाचा डेन्मार्कचा माणूस. डुकरं पाळतो. बायको सोडून गेलेली.

"डोक्यावर केस नाहीत याच्या."

"डुकरांची काही तक्रार नाही म्हणतो." ती हसली. "त्या लग्नाच्या साइटवर लिहिलंय आई, लात्वियाच्या बायका सुंदर, उंच आणि घर सांभाळणाऱ्या असतात. मी उंच तरी आहे."

किती दिवसांनी तिला हसताना बघितलं मी.

दोनदा ते रिगाला भेटले. मग तो गावी येतो म्हणाला. चारचौघांत माणूस दाखवायचा तर कधी दाखवायचा, यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. जुलैमधल्या कबरींच्या रविवारी. त्या दिवशी रिगाचे, आयर्लंडचे, सगळे आपापल्या माणसांच्या कबरीपाशी येतात, पाद्री गेलेल्यांची नावं वाचतो, मग बाकांवर बसून खाणंपिणं. त्या दिवशी आणला नाही तर लोक म्हणतात, लपवतेय. मी तेच सुचवलं, सोल्विता हो म्हणाली, आणि सगळीकडे नाक खुपसणाऱ्या वेल्टालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

माणूस वाईट नव्हता. माझ्या हातातलं दाताळं त्याने स्वतःहून घेतलं आणि आम्ही करतो तशी कबरीभोवतीची वाळू विंचरू लागला, उलट पावली, मागे पाऊल दिसू नये म्हणून. मला बरं वाटलं. मग तो दगडापाशी पोचला आणि दाताळं थांबलं.

दगडावर गुंतार्सचं नाव, त्याची दोन्ही सालं. शेजारी सोल्विताचं नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा. आमच्याकडे असंच करतात. जोडप्यातलं एक गेलं की दोघांचीही नावं कोरून घेतात. दर शनिवारी आम्ही त्या दगडापुढच्या फुलांना पाणी घालत आलो. नेहमी बघितलेला दगड कोणाला दिसतो?

"ही तू?" त्याने विचारलं. तेवढं इंग्रजी मला टीव्हीमुळे कळतं.

"हो, मीच की," सोल्विता तण उपटता उपटता म्हणाली.

बाकावर बसल्यावर त्याने बटाट्याचं सॅलड नुसतं चिवडलं. शहाजिऱ्याच्या चीजला हात लावला नाही. मग हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिला. काय बोलला ते तिने मला मागून सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे कबर काही वर्षांपुरतीच मिळते, मग दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. कोणी कोणाची इतकी वाट बघत नाही. आणि त्याने विचारलं, "आपलं लग्न झालं, तू माझ्याकडे आलीस, म्हातारी झालीस. मग शेवटी तुला कुठे ठेवायचं?"

सोल्विता कॉफी ओतत होती. "इथे," ती म्हणाली. "आणखी कुठे?"

मीठ कुठे आहे विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं तिने. आमच्यातल्या कोणीही तेच सांगितलं असतं. त्याने कॉफी संपवली, स्वतःचा कप धुतला, वेल्टाशीसुद्धा हात मिळवला आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने गेला.

मग फोन कमी वाजायला लागला. खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता ही कुठे जात नाही, म्हणून मी दोन वेळा केक केला. तिने तो खाल्ला आणि छान झालाय म्हणाली. पण डेअरीतून आली की ती फोन खिडकीत पालथा ठेवायची आणि कोटही न काढता बसून राहायची. हसणं तर गेलंच. हे मी ऑगस्टभर बघितलं. बटाटे काढायची वेळ आली तेव्हा मला ते बघवेना. मी दगड कोरणाऱ्या आग्रिसकडे गेले. तो म्हणाला, नाव घासून काढता येईल, पण डाग राहील. राहू दे म्हटलं.

घरी येऊन मी तिच्यापुढे बसले. "अगं, मी आग्रिसला सांगून आलेय. तुझं नाव काढून टाकतो तो. त्या डुकरवाल्याला कळव. गुंतार्स माझा मुलगा आहे, त्याच्याशेजारी मी झोपेन. तू जा."

ती बटाट्यांची माती झटकत होती. हात थांबले नाहीत.

"मी कळवलं होतं, आई. नाव काढून घेते म्हणून. तो गेला त्याच आठवड्यात."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, दगडावरचं तेवढं निघेल."

एवढं बोलून तिने पुढचा बटाटा घेतला. मला हवं होतं तेच झालं होतं, ती कुठेही जाणार नव्हती. आणि मला तिच्यासमोर रडू आवरेना.