पाचवी सवाष्ण

"नवऱ्याचं नाव सांगा," मी चौथ्यांदा म्हणाले, आणि अंबुबाईनं चौथ्यांदा पदर दातांत धरला.

चावडीच्या ओट्यावर तलाठी रंगरावांच्या शेजारी मी बसले होते. हो, मीच, उद्धवरावांची रंभा, इयत्ता आठवी. छप्पन सालचा दसरा नुकताच झाला होता. मतदारयादीच्या कामाला मास्तरांनी चांगल्या अक्षराची चार मुलं पाठवली, त्यांत मुलगी मी एकटी. आठच दिवसांपूर्वी शाळेच्या वक्तृत्वात मी पहिली आले होते, त्यामुळे बोलून जमणार नाही असं जगात काही उरलेलं नाही, अशी माझी पक्की खात्री झाली होती. टाक माझ्या हातात, दौत माझ्यासमोर, आणि कारखान्याच्या बांधकामावरच्या बायका रांगेनं माझ्यापुढं. मला तर जमिनीला पाय लावावेसेच वाटत नव्हते.

रंगरावांनी सकाळीच नियम समजावला होता. मागच्या निवडणुकीला बायकांची नावं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी लिहिली गेली आणि तशी सगळी यादीतून उडाली. आता आधी बाईचं स्वतःचं नाव, मग 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि पुढं त्याचं. ते बाईनं आपल्या तोंडानं सांगायचं. शिवाय गावात सहा महिने राहते याला साक्ष हवी. मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? सकाळपासून नुसती गंमत चालली होती. एकीनं आभाळाकडं बोट केलं. मी 'आकाश' लिहायला टाक बुडवला, तर ती म्हणाली, "आगं, दिवसा त्येच्यात काय असतंय? त्येच्याफुडं भान लाव." सूर्यभान. रांग अशी हसली की रंगरावांनाही चष्मा काढून पुसावा लागला.

अंबुबाईचं मात्र हसण्यावारी जात नव्हतं. तिचा नवरा ज्योतीराम गवंडी होता. मी शाळेत जाताना दिसले की "काय मास्तरीणबाई" म्हणायचा. दोघं बीडकडची. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली तरी आमच्या पिंपरी गावात त्यांना 'मोगलाईतली' असंच म्हणत. आमच्याच माळरानावर त्यांची झोपडी. श्रावणात ज्योतीरामला ताप भरला. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं विचारलं, "गावाच्या यादीत नाव आहे का?" नव्हतं. "मग बसा. गावचे झाले की बघू." तो पायरीवर बसला. दुपारी अंबुबाईनं हलवलं, तेव्हा तो नुसता कलंडला.

पदरात चार वर्षांची पोर. तेव्हापासून अंबुबाई जो भेटेल त्याला एकच विचारायची, यादी कधी व्हणार.

"एकदाच म्हणा, अंबुबाई. मग झालंच," मी म्हणाले.

"कसं म्हनू, माय?" ती हळूच म्हणाली. "सनावाराबिगर कदी घेतलं न्हाई. आता कोन्या तोंडानं घेऊ?"

"रंगराव, मी सांगते की. ज्योतीराम."

"तू नाही. तिनं," रंगराव म्हणाले. "मागं असंच दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून तर हा घोळ झाला. आणि साक्षीचं काय?"

तेवढ्यात माझे वडील, आबा, चावडीत आले. मी टाक बुडवून तयारच ठेवला. झोपड्या आमच्या रानात, म्हणजे साक्ष घरचीच.

"बरं झालं आलात, उद्धवराव," रंगराव म्हणाले. "किती दिवस झाले ह्या मंडळींना?"

आबांनी फेटा सारखा केला. "दिवस कसले? परवा दसऱ्याला आलीत. हंगामी मानसं. भित झाली की चालली."

मी आबांकडं बघतच राहिले. असं का म्हणाले ते मला कळत होतं. कुळकायदा आल्यापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. चुलत्यांचं दोन एकर कुळाकडं गेलं होतं. सहा महिने राहतात म्हणून आपण सांगायचं, आणि उद्या हीच माणसं रानावर हक्क सांगायला उभी राहिली तर?

अंबुबाई ओरडली नाही की रडली नाही. म्हणाली, "मालक, श्रावनात लाकडं तुमीच दिली की. त्येंच्यासाठी."

आबांनी मान वळवली. रंगरावांनी बोटांवर महिने मोजले. "श्रावण धरला तरी तीनच महिने भरतात, बाई. पुढची."

अंबुबाई बाजूला झाली. आणि मला वही आठवली.

मी टाक टाकला आणि परकराचा ओचा धरून पळत सुटले. शाळेत धावण्याची शर्यत असती तर तीही मीच मारली असती. दारात आई धान्य पाखडत होती. "काय गं, आग लागली का?" "लागणार आहे," म्हणत मी फळीवरून वही ओढली. भूगोलाच्या वहीची उरलेली पानं, त्यांत मी उखाणे उतरवते. नुसते नाही, कुणी घेतला, कुठं, कोणत्या तारखेला, सगळं. मैत्रिणी चिडवायच्या, की ही स्वतःच्या लग्नाची तयारी. चिडवा म्हणावं.

परत आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मला धाप लागली होती, पण मी ओट्यावर चढून वक्तृत्वाच्या आवाजात सुरू केलं. "मकरसंक्रांत, चौदा जानेवारी. पिंपरी, आमचं घर. आईला हळदीकुंकवाला पाच सवाष्णी हव्या होत्या, चारच जमल्या. म्हणून आईनं माळावरून अंबुबाईला बोलावलं. पाचवी सवाष्ण, अंबुबाई. हा तिचा उखाणा.

"पिंपरीच्या माळावर विटेवर वीट..."

आणि तिथं मी थांबले. हा सवाष्णीचा उखाणा होता, आणि समोर अंबुबाईचं कपाळ उघडं होतं. मघापासून नाचणारी मी, मला हे आधी सुचलंच नव्हतं. रांगेतल्या बायका खाली बघत होत्या. मी वही मिटायला लागले.

"थांबू नगंस," अंबुबाई म्हणाली. "वाच, माय. माजंच हाय ते."

मी वाचलं. या वेळी वक्तृत्वाचा आवाज आला नाही.

"ज्योतीरामांचं नाव घेते, ऐका नीट."

मग खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या कोंडाजींनी तंबाखू थुंकली. "काय उद्धवराव, संक्रांतीला सवाष्न म्हून चालली, आन् गावात आली दसऱ्याला व्हय?"

"मी तरी नीट ऐकलं," रंगराव म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं घेतलेलं नाव आहे, तारखेसकट. पण साक्ष घरच्या कर्त्याची लागते. उद्धवराव, ही वही तुमच्या घरची का?"

आबांनी वही हातात घेतली. त्याच पानावर, अंबुबाईच्या वर, आईचा उखाणा होता, उद्धवरावांच्या नावाचा. आबांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. दोन्ही उखाणे त्यांनी वाचले असावेत, कारण वही लवकर खाली येईना.

"लिवा," ते शेवटी म्हणाले. "संक्रातीच्या आदीपास्नं हायती. मी सांगतो." आणि सही करून, कुणाकडं न बघता, पायऱ्या उतरून गेले.

मी टाक नव्यानं बुडवला. आयुष्यात इतकं सुंदर अक्षर मी काढलं नव्हतं. अंबुबाई भ्र. ज्योतीराम. पाचाला दहा कमी होते. मला उठून गिरकी घ्यावीशी वाटत होती. मागून बायका कालवा करत होत्या, "पोरी, माजाबी उकाना घे लिहून, सोपं पडंल."

अंबुबाईनं अंगठा उमटवला. मग माझ्या जवळ सरकून विचारलं, "त्या वहीत त्येंचं नाव कुटं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. शाईचा अंगठा तिनं लांब धरला आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीनं ती अक्षरं एकेक करून चाचपली. शेवटच्या अक्षरापाशी थोडी थांबली.

मग खाली ठेवलेली चुंबळ डोक्यावर घातली आणि निघाली. बांधकामावरची तिची पाळी सुटायला अजून एक तास होता.