भिंतीआधीची सावली

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. आता माझ्या अंगाला चिरा पडल्या आहेत, पण सातपुड्यातून मलकापूरच्या बाजारात आलो तेव्हा अख्ख्या गाडीत माझ्याएवढा सरळसोट दुसरा कोणी नव्हता. ही बढाई नाही. बरे, थोडी आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. कापसाचे व्यापारी नारायणराव स्टेशनच्या सडकेवर तीन मजली इमारत बांधणार होते. वर भाड्याची बिऱ्हाडे आणि खाली सडकेला तोंड करून दुकानांची सलग रांग. जागेच्या मागेच कापूस पिंजणाऱ्या मेहबूबचे अंगण होते. त्याचा दोन वर्षांचा सईद अजून उभा राहत नव्हता. हाडे मऊ आहेत, रोज सकाळच्या उन्हात ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते ऊन याच मोकळ्या जागेवरून येई. म्हणून त्याची आई हुस्नबानो हिने नगरपालिकेत हरकत घेतली.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरसाहेबांनी सावली प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. पौषातल्या एका सकाळी मला दुसऱ्या बांबूला जोडून इमारतीच्या उंचीएवढे उभे केले. तिथून मी सूर्य वर येताना पाहिला. रूळ, जिनिंग कारखान्याचे पत्रे, लांबची शेते, सारे एकाएकी उजळले. एवढ्या दुरून ऊन येते आणि एका लहानग्याच्या पायांवर येऊन थांबते, हे पाहून मी थक्क झालो.

माझी सावली मात्र अंगणात दोरीएवढीच पडली. नारायणराव हसले.

"पाहा साहेब, येवढीशी तं हाय. येच्यानं पोराचं काय बिघडते?"

साहेबांनी मान डोलावली. तेव्हा हुस्नबानो म्हणाली, "भाऊ, तुमची भिंत का बांबूएवढी राह्यणार हाय?"

साहेब ओशाळले. त्यांनी आणखी बांबू उभारायला लावले. नारायणरावांच्याच वखारीतल्या ताडपत्र्या आमच्यावर ताणल्या, आणि अख्खे अंगण झाकोळले. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. सईद रडला नाही. जिथे ऊन होते तिथली जमीन तो हाताने चाचपत राहिला.

नारायणरावांची आई रुखमाबाई अंगणात येऊन सईदजवळ बसली होती.

"नारायणा, पोराचे पाय गार पडले रे बापा."

"माय, सडकेवरची जागा हाय थे. एक दुकान म्हंजे…"

"दुकान मले समजते. तू इथं येऊन बस."

नारायणराव आले आणि सावलीत बसले. बराच वेळ बसले. मग उठले आणि माझ्यावर ताडपत्री बांधलेली दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली. ताडपत्री खाली आली तसे ऊन धावत आल्यासारखे अंगणात शिरले. पुढे इमारत झाली, पण अंगणासमोरची एका दुकानाची जागा वरच्या मजल्यांसकट सडकेपर्यंत मोकळी राहिली.

मी मेहबूबकडेच राहिलो. पुढच्या हिवाळ्यात सईद मला धरून उभा राहिला. तेव्हा हुस्नबानो रडली, आणि खरे सांगतो, मलाही भरून आले.

मित्रांनो, खुशाल उंच घरे बांधा. पण आधी तुमची सावली ज्याच्या अंगणात जाणार, तिथे घटकाभर जाऊन बसा. नुसते सडकेवर उभे राहून ते कळत नाही.