जाळीतली वाट

कारकूनबाईंचा अंगठा खटक्यावर होता, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. पावणेपाच झाले होते आणि मुठीतल्या मोजणीयंत्रावर आकडा होता एकशे त्रेसष्ट.

रस्ता जुना, सतत वाहता आणि जागोजागी उखडलेला. तो आता नव्याने बांधायचा होता. रुंद पदपथ, झाडं, दिवे आणि मधोमध छातीएवढी लोखंडी जाळी. जाळीत वाट कुठे सोडायची ते मोजणीवर ठरणार होतं. चार ते पाच या तासात दोनशे माणसं ओलांडून गेली तर वाट, नाहीतर सगळ्यांनी चौकातून वळसा घालायचा. आणि रस्ते विभागाने बाईंना स्टूल देऊन बसवलं होतं ते नेमकं त्यांच्याच घरासमोर.

पलीकडच्या गॅलरीत मावशी बसल्या होत्या, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. त्यांचे पाय गेलेले. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत पलीकडे जायच्या, तिची वेणी घालायच्या, तिच्याशी मनसोक्त भांडायच्या आणि बाराला परत यायच्या. चौकाचा वळसा त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. सून मोजायला बसल्यावर मला कसली काळजी, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. ते ऐकल्यापासून बाईंना चैन नव्हतं.

खटका उगाच दाबत बसलं असतं तर कोण बघणार होतं? पण तीस वर्षांच्या नोकरीत खोटा आकडा लिहिलेला नाही, हात धजेना. शेवटी त्या उठल्या, कंबर कसली आणि सरळ रस्ता ओलांडला. पलीकडे पोचून खटका दाबला, तशाच मागे फिरल्या, पुन्हा दाबला. यात खोटं काहीच नव्हतं. माणूस खरंच ओलांडत होतं. एका रिक्षावाल्याने त्यांचा उद्धार केला. काही हरवलंय का, म्हणून मावशींनी गॅलरीतून विचारलं. बाई घामाघूम झाल्या, पण थांबल्या नाहीत. पाचच्या ठोक्याला आकडा होता दोनशे पाच.

स्टुलापाशी रस्ते विभागाचा तरुण इंजिनिअर उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"बाई, मोजणाऱ्याला मोजत नाहीत."

"मी खरंच ओलांडलाय साहेब. अठरा वेळा."

"बघितलं मी. म्हणून तर वजा करावे लागतील."

सासूबाईंचं नाव ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. असली अगतिक माणसं त्यांनी स्वतः ऑफिसात कितीदा परत पाठवली होती. त्यांनी पेन घेतलं, एकशे सत्याऐंशी लिहिलं आणि खाली सही केली.

रस्ता देखणा झाला. जो तो तोंडभरून कौतुक करत होता. सासूबाईंनी मात्र सुनेला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. आता ऑफिस सुटलं की बाई चौकातून मावशींकडे जात, वेणी घालत, गप्पा ऐकत आणि तेवढाच वळसा घालून घरी येत.

"काय म्हणाली?" खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"वेणी सैल झाली म्हणाल्या. तुमच्यासारखी मला जमत नाही."

सासूबाईंनी भिंतीला टेकवलेली काठी जवळ ओढली.

"तिला सांग, मी उद्या येते. वळसा घालून."

बाईंनी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि निरोप घेऊन चौकाकडे निघाल्या.