दुमडलेलं पान

तिने वहीचं पान उभं मधोमध दुमडलं आणि घडीवरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत दाबून फिरवलं. मग पुन्हा एकदा.

"अगं, कागद आहे तो, पत्रा नाही," बाई म्हणाल्या. "फाटेल."

पोरं हसली. तीही हसली. या खोलीत हसणं बोचत नसे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी बाई आठ मुलांना बोलायला आणि लिहायला शिकवायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शिकवण्याची खाज गेली नव्हती, असं त्या स्वतःच सांगत. त्यांच्या तासाला नियम दोनच. मूल बोलताना अडलं तर कुणी मध्ये शब्द टाकायचा नाही. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मनात पाच मोजायचे आणि थांबायचं. बाई स्वतः टेबलाखाली हात धरून मोजत. आणि दुसरा नियम, दर आठवड्याला दहा ओळी लिहायच्या. त्या दाखवायच्या नसतील तर पान दुमडायचं.

"दुमडलेलं पान माझं नाही," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "लिहिलंय एवढं मला कळलं, की झालं. शप्पथ."

उघड्या पानावर एखादं वाक्य आवडलं, तर समासात हिरव्या पेन्सिलीने लहानशी खूण. आवडलं नाही तर काही नाही. त्या खुणेसाठी पोरं जीव टाकायची. तास संपला की वह्या बाईंच्या कपाटात जायच्या.

ती तेरा वर्षांची होती आणि घरी तिला अजून छकुली म्हणत, याचा तिला भयंकर राग होता. पण राग सांगायचा कसा? तोंड उघडलं की पहिला शब्द दाताशी येऊन बसायचा, आणि तोवर आईने वाक्य पुरं केलेलं असायचं. डॉक्टरांकडे, दुकानात, शाळेत, फोनवर आजीशीसुद्धा. आईचं चुकायचंही नाही फारसं. ती 'डो'वर अडली की तिला 'डोकं' म्हणायचंय की 'डोळा', हे आईला तिच्या आधी कळायचं. माणसाने इतकं ओळखू नये.

हे सगळं तिने दुमडलेल्या पानात लिहिलं होतं. 'माझं वाक्य मी सुरू करते आणि आई संपवते. कधी कधी वाटतं, मी मेले तरी आई माझं बोलणं चालू ठेवेल.' लिहून झाल्यावर तिचेच कान तापले होते. आई वाईट नव्हती. आईला हे कळलं असतं तर ती रडत बसली असती. म्हणून तर घडीवरून दोनदा नख फिरवलं होतं.

त्यानंतरच्या बुधवारी शाळेच्या बुटांसाठी आई तिला घेऊन गेली. दुकानदाराने काळे बूट पुढे केले.

"म-मला..." ती म्हणाली आणि अडली.

तिने सवयीने आईकडे पाहिलं. आई गप्प होती. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्या खोक्यांवर, पर्स काखेत मारलेली, आणि मोकळ्या हाताचा अंगठा काहीतरी चाळा करत होता. दुकानदार ताटकळला. आई काही बोलेना.

"मला तपकिरी हवेत. शाळेत चा-चालतात."

"तसं सांगा ना ताई," दुकानदार म्हणाला आणि शिडीवर चढला.

तपकिरी बूट! खरं तर तिला ते इतके आवडलेही नव्हते. पण घरी येताना ती रस्ताभर पायांकडे बघत होती. आईला आपोआप कळलं होतं. कुणी न सांगता. तिने आईचा हात धरला, तेरा वर्षांची घोडी झाली होती तरी धरला, आणि आईनेही तो सोडला नाही.

शनिवारी वह्या वाटल्या गेल्या. तिला बुटांचं लिहायचं होतं, आणि ते मागच्या लिहिण्याला जोडूनच लिहायचं होतं. म्हणून तिने दुमडलेलं पान उघडलं.

समासात हिरवी खूण होती.

लहानशी, शेपटी वर गेलेली. 'आई संपवते' या वाक्यापाशी. तिने बोट फिरवून पाहिलं. बोटाला थोडं हिरवं लागलं. मास्तरकीत जन्म गेलेला हात. चोरून वाचतानाही चांगलं वाक्य दिसलं आणि राहवलं नाही.

मग एकेक गोष्ट आपली आपण जागेवर जाऊन बसू लागली. आईचे मिटलेले ओठ. पर्सच्या बाजूचा तो हात. चाळा नव्हता तो. एक, दोन, तीन, चार, पाच. आईला आपोआप काही कळलं नव्हतं. बाईंनी वाचलं होतं, आईला सांगितलं होतं, कसं मोजायचं तेही शिकवलं होतं. दोघी कुठेतरी चहा पीत तिच्या पानावर बोलल्या असतील. आई रडली असेल. बाईंनी पाठीवरून हात फिरवला असेल. आणि ती मूर्खासारखी भररस्त्यात आईचा हात धरून चालली होती.

लबाड, तिने मनात म्हटलं. मनात ती कधीच अडखळत नसे. लबाड, दोघीही.

तासभर तिने एक अक्षर लिहिलं नाही. बाकीची पोरं गेली. आई न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. वह्या गोळा करता करता बाई तिच्यापाशी आल्या.

"हे काय गं, आज पान कोरंच? दुमडायलासुद्धा काही नाही?"

ती उठून उभी राहिली. शब्द दाताशी आला. दारात आईचा अंगठा करंगळीच्या पेरावरून निघाला. इकडे बाईंचा, साडीच्या निऱ्यांआड. दोघी एका तालात मोजत होत्या.

"आता दुमडण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, बाई."

मग आईने दोन्ही हात तोंडावर नेले.

"ऐकलंत? अहो, ऐकलंत का बाई? अख्खं वाक्य! एकदासुद्धा अडली नाही!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमचे उपकार कसे फेडू हो मी?"

बाई हसल्या नाहीत. त्या टेबलावरच्या वहीकडे बघत होत्या. मागचं पान तिने उघडंच ठेवलं होतं, घडी हाताने सपाट करून. बाईंनी हिरवी पेन्सिल मुठीत धरली, मग ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

ती दाराबाहेर जाऊन तपकिरी बुटांच्या नाड्या बांधू लागली. आई शेजारी बसली.

"छकुले, काय म्हणायचं होतं गं तुला? काय उरलं नाही?"

आईने पाच मोजले. मग पुन्हा पाच. तिने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली आणि जिना उतरायला लागली.